आपण आपल्या हाताने जेवता का?

आमच्या घरात ‘आपण’ या शब्दाचा अर्थ ‘मी’ असा आहे. म्हणजे मी, बायको. ‘आपण गॅसचा नंबर लावायला हवा,’ असं नवरा म्हणाला की नंबर मी लावते. ‘या रविवारी आपण माळा आवरून टाकू,’ असं तो म्हणाला की रविवारी शिडीवर मी असते आणि तो खालून शिडीला एक बोट लावून ‘सांभाळून हं’ म्हणत असतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी हा शब्द किती लबाड आहे ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते शिरायला पीएचडी करावी लागली.

मी नगरच्या एका कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकवते. सोपं करून सांगायचं तर, आजारपणात हातातून सुटलेली रोजची कामं, म्हणजे जेवणं, आंघोळ, सदऱ्याची बटणं लावणं, ही माणसाला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून आम्ही खटपट करतो. चमच्याला जाड मूठ बसवतो, बटणाच्या जागी चिकटपट्टी लावतो, एका हाताने लेंगा कसा चढवायचा ते शिकवतो. काम मला मनापासून आवडतं, पण त्यात एक दुखणं आहे. मी पेशंटच्या घरी जाऊन चांगला घाम गाळते आणि निघताना घरातलं कुणीतरी चहाचा कप हातात देत विचारतं, ‘बरं, मग डॉक्टर कधी येणार?’

म्हणून मला पीएचडी हवी होती. लोकांना मी ज्ञान, संशोधन, बढती असलं काहीतरी सांगायचे. खरं म्हणजे मला आमच्या सावेडीच्या फ्लॅटच्या दारावर नावाआधी ‘डॉ.’ लावायचं होतं आणि त्या चहाच्या कपाला एकदाचं उत्तर द्यायचं होतं. माणसाला कशासाठी काय हवं असतं ते त्याच्या प्रस्तावनेत कधीच लिहिलेलं नसतं.

दिवसभर मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात स्वतः विद्यार्थी व्हायचं, असा तो उद्योग होता. सकाळी मी मुलांना ‘जर्नल वेळेत का नाही आणलंस?’ म्हणून झापायचे. दुपारी माझ्या पुण्याच्या मार्गदर्शक बाई मला फोनवर तोच प्रश्न विचारायच्या आणि मी मुलांकडून सकाळी ऐकलेली उत्तरं त्यांना द्यायचे. ‘मॅडम, पेनड्राइव्ह घरी राहिला.’ ‘मॅडम, प्रिंटरची शाई संपली.’ एकदा तर मी ‘मॅडम, आजी वारली’ म्हणता म्हणता थांबले, कारण माझ्या दोन्ही आज्या कधीच गेलेल्या होत्या आणि ते बाईंना ठाऊक होतं.

अशा कारणांवर एकदा मुदतवाढ मिळाली होती. दुसरी मिळणार नव्हती. येत्या समितीपुढे काम नीट मांडलं नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे ‘डॉ.’ कायमचं गेलं, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. विषय असा होता: अर्धांगवायू झालेली खेड्यातली माणसं रोजची कामं किती स्वतःची स्वतः करतात, आणि घरातल्याच वस्तू वापरून त्यांना शिकवलं तर किती फरक पडतो.

त्यासाठी प्रत्येक कामाला मार्क देणारी एक प्रश्नावली होती. मूळ इंग्रजीतली. मी तिचं साधं मराठी केलं, ‘तुम्ही तुमच्या हाताने जेवता का?’ ते तपासायला एका निवृत्त भाषातज्ज्ञांकडे गेलं. त्यांनी लाल पेनाने सगळे ‘तुम्ही’ खोडले. वयस्कर आणि आजारी माणसाला ‘तुम्ही’ म्हणणं त्यांना रासवट वाटलं. जागोजागी ‘आपण’ आलं. आपण आपल्या हाताने जेवता का? आपण आपल्या हाताने आंघोळ करता का? नुसतं वाचतानाच माणूस ताठ बसायचा. नियमाप्रमाणे तिसऱ्याच कुणीतरी त्याचं उलट इंग्रजी करून पाहिलं, तर मूळ वाक्य जसंच्या तसं परत आलं. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. बाई खूश होणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की मी पुढे विचारच केला नाही.

गावोगाव जाऊन प्रश्न विचारायचं काम शेवटच्या वर्षाच्या मुलांना दिलं. त्यांनाही तो अनुभव लागतोच. जाण्याआधी मी त्यांना वर्गात उभं करून दम भरला. ‘प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. पेशंट जे सांगेल तेच लिहायचं. तुमचं मत मला नकोय. संशोधनात तुमच्या मताला काडीची किंमत नाही.’

‘काडीचीसुद्धा?’ आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एका मुलीने विचारलं. ही वर्गातली सगळ्यात तिखट मुलगी. डोंगरातल्या गावातून आलेली, आवाज असा की माइक लाजावा.

‘काडीचीसुद्धा,’ मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्या वर्गाने माझा शब्दन् शब्द ऐकला.

कागद परत आले, मी ते संगणकात भरले, आणि जे दिसलं ते पाहून खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. सगळ्यांना पैकीच्या पैकी. उजवी बाजू गेलेले, डावी बाजू गेलेले, अंथरुणावरून न उठणारे, सगळे आपापल्या हाताने जेवत होते, आंघोळ करत होते, बटणं लावत होते. एका आजींचे दोन्ही खांदे आखडलेले आहेत असं वरच्या रकान्यात लिहिलेलं होतं, आणि खालच्या रकान्यात त्या स्वतःचा अंबाडा घालत होत्या. माझ्या कागदांप्रमाणे जिल्ह्यात माझ्या विषयाची गरजच उरलेली नव्हती.

बाईंचा फोन आला. ‘तुमचे आकडे पाहिले,’ त्या म्हणाल्या. ‘त्यावरून असं दिसतंय की तुमच्याकडे अर्धांगवायूने माणसाला काहीच होत नाही. मग आपण पीएचडी कशावर करतोय?’

मी त्या ‘आपण’कडेही लक्ष दिलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. मुलांनी मला बनवलं, याबद्दल माझी खात्री झाली. हे गावात गेलेच नाहीत. कुठल्या तरी रसवंतीत बसले, बर्फ टाकून रस प्यायले आणि टेबलावर पेन ठेवून ‘हो, हो, हो’ भरत सुटले. मी वर्गात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. मला वाईट वाटत होतं, राग येत होता आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती. समिती काही महिन्यांवर आली होती आणि माझ्या हातात रसवंतीचा हिशोब होता.

सगळे खाली माना घालून बसले. अकोल्याची मुलगी तेवढी उठली. ‘मॅडम, खोटं वाटत असेल तर उद्या चला माझ्याबरोबर. कोपरगावकडचे एक पेशंट काका आहेत. तुम्हीच विचारा.’

‘चल,’ मी म्हणाले. ‘आणि काका अंथरुणात दिसले तर तुझं काय करायचं ते मी येताना ठरवीन.’

उसाचा सीझन चालू होता. एसटीच्या पुढे उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली, आणि मध्ये आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता खड्डे मोजत बसलेलो. त्या रस्त्याने मणक्याचे जेवढे व्यायाम होतात तेवढे मी वर्षभरात शिकवत नाही. कोपरगावच्या पुढे जीपने गाव गाठलं. काकांचं घर उसाच्या कडेला होतं आणि अंगणातल्या बाजेवर काका उशीला टेकून बसले होते. जेवणाची वेळ होती. त्यांची बायको, म्हणजे मावशी, शेजारी पाटावर बसून त्यांना आमटीत कुस्करलेली भाकरी भरवत होत्या. काकांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. बोलण्याला मात्र कुठे धक्का लागलेला नव्हता.

मी मुलीकडे असं बघितलं की तिने तिथेच रडायला हवं होतं. ती बाटलीतलं पाणी प्यायली.

‘काका,’ मी प्रश्नावली उघडली आणि छापल्याप्रमाणे वाचलं, ‘आपण आपल्या हाताने जेवता का?’

काकांनी तोंडातला घास सावकाश चावला, गिळला आणि म्हणाले, ‘व्हय. आपल्याच हातानं. दुसऱ्याच्या कशाला?’

मावशींनी पुढचा घास केला.

मला वाटलं, उन्हामुळे मला नीट ऐकू आलं नाही. ‘आपण आपल्या हाताने आंघोळ करता का?’

‘रोजच्या रोज. पानी बी आपल्या हातानंच तापवतो.’

‘आपण आपल्या हाताने सदऱ्याची बटणे लावता का?’

याला मावशींनी उत्तर दिलं. ‘व्हय की. पर ह्यांच्या सदऱ्याची काजं लई घट्ट हायेत वो ताई. नखं दुखत्यात.’ आणि त्यांनी स्वतःची नखं मला दाखवली.

‘अहो काका,’ माझा आवाज चढला, ‘पण भरवतायत तर मावशी!’

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. ‘मंग? ती काय परकी हाय का?’

अंगणात एक कोंबडी फिरत होती. मी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मुलगी घसा खाकरून म्हणाली, ‘मॅडम, ते आपण म्हणजे आपण समजतायत.’

‘आपण म्हणजे आपणच ना!’

‘तुमचं आपण म्हणजे काका. काकांचं आपण म्हणजे काका आणि मावशी. आमच्याकडं पण तसंच म्हणतात. आपली गाय, आपली विहीर, आपला हात.’

‘मग हे मला आधी सांगायला तुला काय झालं होतं?’

‘तुम्हीच म्हणालात,’ ती शांतपणे म्हणाली, ‘मत नकोय. काडीची किंमत नाही.’

मी बाजेच्या कडेवर बसले. मला हसू येत होतं आणि माझी पीएचडी बुडत होती, आणि या दोन्हींतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं. मुलगी सांगत गेली, प्रत्येक गावात हेच झालं होतं. अंबाडा घालणाऱ्या आजींचा अंबाडा त्यांची नणंद घालत होती. एका आजोबांनी तर ‘आपल्या घरात हातांना काय तोटा?’ असं सांगितलं होतं, आणि मुलाने नियमाप्रमाणे ‘हो’वर खूण केली होती. आम्ही सगळ्यांना आदराने विचारलं होतं आणि सगळ्यांनी खरं सांगितलं होतं.

शेवटी मी प्रश्नावली मिटून ठेवली आणि सरळ विचारलं. ‘काका, मावशींनी हात लावायचा नाही. हा घास तुमचा तुम्हाला तोंडात घालता येईल?’

काकांनी उजव्या हाताकडे पाहिलं. भांडण झालेल्या भावाकडे बघावं तसं. हात जरा उचलला आणि पुन्हा मांडीवर पडला. ‘न्हाई,’ ते म्हणाले.

‘डाव्याने?’

‘डाव्या हातानं जेवायचं?’ काका हादरलेच. ‘आमी काय मानसं न्हाई का?’

मी कागदावर लिहिलं. काकांनी मान लांब केली. ‘काय मांडलं?’

‘शून्य,’ मुलगी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

‘शून्य? मला?’

‘काका, ही काही परीक्षा नाही,’ मी घाईघाईने म्हणाले. पण मार्क म्हटलं की परीक्षा, हे आपल्या देशात कुणाच्या डोक्यातून काढता येत नाही. काका सातवीपर्यंत शिकले होते आणि दर वर्षी पास झाले होते, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. त्यांच्या उसाला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि आता म्हातारपणी नगरहून बाई येते आणि जेवणात नापास करते! मावशींचा चेहरा तर त्याहून उतरला. ‘म्या रोज दोन टायमाला भरवते,’ त्या म्हणाल्या. ‘माझं काय चुकलं म्हनून शून्य?’

मी त्यांना समजावू लागले, की मार्क तुमचे नाहीत, त्यांचे आहेत. ते ऐकून दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मीच काहीतरी अशिष्ट बोलले असावे.

आम्ही उठलो तेव्हा काकांनी हाक मारली. ‘मॅडम, फेरपरीक्षा कधी हाय?’

मार्गदर्शक बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला तो प्रश्न दोनदा वाचायला लावला. मग त्या म्हणाल्या, ‘प्रश्न बदला. सगळ्यांकडे पुन्हा जा. विचारू नका, करून दाखवायला सांगा. आणि समितीच्या आधी.’ फोन ठेवताना त्या हसल्यासारख्या वाटल्या, पण त्या बाबतीत मी शपथेवर काही सांगू शकणार नाही.

मी वर्गाची माफी मागितली. मग त्यांना कामाला लावलं. पेशंटला शिकवायचं तर आधी स्वतःला जमायला हवं, म्हणून मी सगळ्यांचे उजवे हात ओढण्यांनी आणि रुमालांनी कमरेला बांधले आणि दुपारचे डबे डाव्या हाताने खायला लावले. नेमके तेव्हा प्राचार्य फेरी मारत आले. वर्गभर हात बांधलेली मुलं, बाकांवर वरण सांडलेलं, आणि मी हातात घड्याळ धरून ‘चला, चला, आटपा’ म्हणतेय. प्राचार्य दारातच थबकले. ‘मॅडम,’ ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘रॅगिंग मुलं मुलांना करतात. शिक्षकांनी केलेलं मी पहिल्यांदाच बघतोय.’

त्या वरणातून एक फायदा झाला. डाव्या हाताने खाताना ताट पळतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि अकोल्याच्या मुलीने ताटाखाली ओलं फडकं घातलं. ताट जागचं हललं नाही. मी ते प्रबंधात घातलं.

चमच्याच्या मुठीचा प्रश्न उरला. काकांच्या बोटांना थोडी हालचाल होती, जाड मूठ असती तर चमचा धरता आला असता. विकतची मूठ महाग आणि घरातल्याच वस्तू वापरायच्या हे माझं मीच ठरवलेलं. आमच्या बाल्कनीत एक सायकल होती. नवऱ्याने पोट कमी करायला घेतलेली, आणि घेतल्यापासून तिच्यावर टॉवेल वाळत होते. मी तिच्या हँडलची रबरी मूठ कापली. संध्याकाळी तो टॉवेल काढायला गेला आणि ओरडला, ‘माझ्या सायकलची मूठ कुठे गेली?’

गॅस आपला होता, माळा आपला होता. सायकल मात्र ‘माझी’ निघाली.

त्यानंतर मी आणि ती मुलगी जमेल तेव्हा कोपरगावला जात राहिलो. इतर पेशंटकडे बाकीची मुलं जात होती आणि सगळीकडे थोडाथोडा फरक दिसत होता, पण काकांसारखा अभ्यास कुणीच केला नाही. नापास होणं त्यांना लागलं होतं. सायकलच्या मुठीचा चमचा ते तलवारीसारखा पकडायचे आणि आमटीवर चालून जायचे. निम्मी आमटी मिशीत, निम्मी सदऱ्यावर. खाली सांडेल त्यावर शेजारचं कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं. ‘घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी,’ हे सदऱ्याचं सूत्र मी शिकवलं, तर काका ते शाळेत पाढे म्हणावेत तसं मोठ्याने म्हणत सदरा घालायचे आणि बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची.

हाल झाले ते मावशींचे. त्यांनी मदत करायची नाही असं मी बजावलं होतं, पण काकांचा चमचा थरथरला की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. शेवटी त्या दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसू लागल्या. ‘मंग म्या काय करू आता?’ त्यांनी एकदा विचारलं. ‘नुसतं बघत बसू?’ मला वाईट वाटलं. काकांना मोकळं करताना मी मावशींना बेकार करत होते, आणि या गोष्टीचा माझ्या प्रश्नावलीत रकानाच नव्हता. मी काहीतरी ‘तुम्हाला विश्रांती मिळेल’ वगैरे बोलले. मावशींनी तळहात मांडीखाली आणखी आत सरकवले.

फेरपरीक्षेला गेलो तेव्हा ऊस तुटून गेला होता आणि घरामागून पार गोदावरीकडची झाडं दिसत होती. समिती आठवड्यावर आली होती. अंगणात पाहिलं तर भावकी जमलेली. काकांनी सगळ्यांना निकाल ऐकायला बोलावलं होतं. कुणीतरी मला खुर्ची दिली, कुणीतरी पंखा लावला. एवढा मान मला माझ्या विद्यापीठात कधी मिळाला नाही.

काका जेवले. चमचा दोनदा डगमगला, पण एकही घास सांडला नाही आणि कुत्रं निराश होऊन निघून गेलं. सदरा घातला, पाढा म्हणत. बटणं लावायला भरपूर वेळ लागला. शेवटचं बटण लागलं तेव्हा भावकीतून एक जण ‘शाब्बास’ म्हणाला आणि मावशींनी मांडीखालचे हात काढून डोळे पुसले, पुन्हा खाली घातले. मी प्रत्येक कामापुढे पूर्ण मार्क मांडत होते आणि मुलगी ते काकांना मोठ्याने वाचून दाखवत होती. मला इतका आनंद झाला होता की ‘डॉ.’ची पाटी मी जवळजवळ विसरले होते.

शेवटचं काम होतं टोपी. मूळ इंग्रजीत तिथे केस विंचरणं होतं. आमच्या प्रश्नावलीत पुरुषांसाठी आम्ही टोपी घालणं ठेवलं होतं.

मुलीने टोपी त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उजव्या हातात धरली, हात वर नेला, अगदी कपाळापर्यंत. तिथे थांबले. त्यांना जमत होतं, ते मला दिसत होतं, भावकीला दिसत होतं. आणखी टीचभर हात गेला असता तर झालं होतं. काकांनी मावशींकडे पाहिलं. त्या तळहात दाबून बसलेल्या होत्या, ओठ मिटलेले. काकांनी हात खाली आणला, टोपी मावशींसमोर धरली आणि डोकं वाकवलं.

‘ही आपल्याच हातानं,’ ते म्हणाले.

मावशींनी मांडीखालून हात काढले, टोपी झटकली, घडी सरळ केली आणि त्यांच्या डोक्यावर बसवली. मग जरा मागे होऊन बघितली आणि डावीकडे एवढीशी कलती केली.

‘काका,’ मी म्हणाले, ‘तुम्हाला येतंय की. असं केलंत तर मला “मदत लागते” असं लिहावं लागेल. मार्क जाईल.’

पहिल्या दिवसापासून एकेका मार्कासाठी भांडलेला माणूस तो. मला म्हणाला, ‘कापा.’

समितीपुढे मी नवी साडी नेसून गेले. मार्गदर्शक बाई शेजारी बसल्या होत्या आणि समोर अध्यक्ष, चष्म्याच्या वरून बघणारे, अतिशय शिष्ट बोलणारे वयस्कर गृहस्थ. सगळं नीट चाललं. मग त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. ‘या एका रुग्णाची सर्व कामे पूर्णपणे सुधारली आहेत. त्याला हात डोक्यापर्यंत नेता येतो, हेही आपणच लिहिलंय. मग टोपीपुढे आपण “मदत लागते” कसं लिहिलंत? ही चूक आहे का?’

चूक म्हणाले असते तर एका वाक्यात सुटले असते. बाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. पण मला ते अंगण दिसत होतं आणि ‘चूक’ हा शब्द तोंडातून निघेना. मी सगळं सांगून टाकलं. ‘आपण’चं, अंबाड्याचं, नखांचं, मांडीखाली दाबलेल्या हातांचं आणि टोपीचं. सांगताना मला कळत होतं की हे संशोधनासारखं अजिबात वाटत नाहीये आणि माझं ‘डॉ.’ डोळ्यांदेखत चाललंय.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ‘माझ्या शर्टाची वरची गुंडी रोज आमच्या सौ. लावतात,’ ते म्हणाले. चष्मा पुन्हा घातला आणि कागदावर सही केली. प्रबंध सादर करायला परवानगी मिळाली.

बाहेर नवरा स्कूटरपाशी उभा होता. बातमी ऐकून त्याला खरंच आनंद झाला. ‘आता आपण पाटी करायला टाकू,’ तो म्हणाला.

‘तू,’ मी म्हणाले.

तिथूनच मी कोपरगावला फोन लावला. काकांनीच उचलला, उजव्या हाताने उचलला असं आवर्जून सांगितलं. मी म्हटलं, ‘काका, समितीने पास केलं मला.’

त्यांनी फोन कानापासून लांब धरला असावा, कारण पुढचं सगळं अंगणातून ऐकू आल्यासारखं आलं. ‘अगं ए! ऐकलं का? आपन पास झालो!’

मागून मावशींचा आवाज आला. ‘किती पडले आपल्याला?’

‘सगळे,’ मी म्हणाले. ‘टोपीचा एक सोडून.’